अर्ध्या मिशीचा फोटो

तंबाखू मी जन्मात खाल्ली न्हाई. तरी त्या साली सारं गाव म्हणून राहिलं होतं की नरसिंग न्हाव्याला म्हातारपणी तंबाखूचा नाद लागला. माझी बायको साखराबाई तर तोंड सोडून भांडली. "साठीला आलात आन् आता हे थेर? उरलेले दात कुणाला दान करायचेत का?" काय सांगणार तिला? उजव्या हाताचा अंगठा आन् त्याच्या शेजारचं बोट आपोआप एकमेकांवर घासायचं, तंबाखू मळल्यासारखं. ते मला थांबवता येत न्हाई म्हणून मीच चिमूटभर तंबाखू बोटांत धरून बसतो, हे सांगितलं असतं तर ती रडली असती. त्यापेक्षा भांडलेली बरी.

आन् मळलेली तंबाखू हळूच फेकून द्यावी म्हटलं तर शेषेराव टपलेलाच. "मळून झाली असंल तर दे की चिमूटभर," म्हणत तळहात पुढं. अशी सहा महिने मी त्याला तंबाखू पोसली.

आधी माझी ओळख सांगतो, मंग त्याची. उदगीरहून देगलूरकडं निघालं की रस्त्याला लागून आमचं गाव. फाट्यावर माझं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, वर पत्रे. माझा बाप वस्तऱ्या-कात्रीची धोकटी काखेत मारून घरोघर फिरायचा, मी खुर्ची टाकली. चाळीस वर्षं झाली त्याला. कुणाच्या टाळूवर कुठं खोक हाय, कुणाला दोन भोवरे हायत, हे त्यांच्या बायकांना म्हाईत न्हाई, मला म्हाईत हाय.

आन् शेषेराव म्हणजे सोळा एकराचा धनी, डोक्यानं तिरसट, मनानं लोणी. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो म्हणून अजून अरे-तुरे. त्या सालाच्या सहा वर्षं आधी फाट्यावर सभा झाली, लातूरमधून फोडून उदगीर नवा जिल्हा झालाच पायजे म्हणून. सगळे पुढारी बोलले आन् घरी गेले. शेषेरावच्या हाती माईक आला आन् गडी पेटला. "उदगीर जिल्हा होत न्हाई तवर या दाढीला वस्तरा लागणार न्हाई! आन् जिल्हा झाला की पहिला हात नरसिंगचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर मनगट तोडीन!" टाळ्याच टाळ्या. माझी छाती फुगून शर्टाचं बटण जायची वेळ आली. दुसऱ्याच दिवशी उदगीरला जाऊन मी नवा वस्तरा आणला, चांगल्या पोलादाचा, आन् फडक्यात गुंडाळून ठेवला. तो फक्त त्या दाढीसाठी.

मंग काय, दर सव्वीस जानेवारीला, एक मेला, पंधरा ऑगस्टला आवई उठायची, उद्या नवे जिल्हे जाहीर होणार. दर वेळी मी तो वस्तरा पट्ट्यावर घासून तयार. दर वेळी टीव्हीवर भलतंच. दाढी वाढत वाढत बेंबीला टेकली. शेषेरावचा नांदेडला एक सरदारजी दोस्त, मोटारीचे पार्ट विकणारा. त्यानं याला दाढी गुंडाळून पिना लावून हनुवटीखाली चापून बसवायची शिकवली. तवापासून गडी जेवताना तरी माणसात दिसायला लागला.

आन् इकडं माझा हात असा. मला घोर एकच, आधी जिल्हा होतो का आधी माझा हात जातो?

दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. तो उन्हाळा आमच्याकडं कुणी विसरणार न्हाई. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं, आन् आमच्या गावाला आठ दिवसांतून एक टँकर. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. मला मात्र, लाज वाटते सांगायला, मनातून हायसं वाटलं. हिवाळाभर मी दाढीवाल्यांना नाना सबबी सांगून टाळत होतो, आता आयती सबब मिळाली. मी खडूनं पाटीवर लिहिलं, 'पाण्याअभावी दाढी बंद. फक्त कटिंग.' अक्षरं एवढी बारीक आली की साखराबाई म्हणाली, "पाटीसंगं एक भिंगबी टांगा." मी ती पाटी दाराला अडकवली आन् सुटलो.

कटिंगमधी कात्री चालतीच असते, हाताला बसायला वेळ न्हाई. दाढीचं तसं न्हाई. फेस लावायचा, केस मऊ व्हायची वाट बघायची, आन् तवर वस्तरा धरून उभं राह्यचं. तेवढ्यात माझा हात नाचायला लागायचा. गिऱ्हाईक आरशात बघून राहिलंय आन् वस्तरा थरथरून राहिलाय. कोण बसंल असल्या माणसापुढं मान वर करून? गावात एकदा बोभाटा झाला असता तर शेषेरावची दाढी कुणी मला करू दिली असती?

पर शेषेरावचं प्रेम असं की जीव नकोसा करतं. एप्रिलमधी एका सकाळी मोटारसायकलीला दोन घागरी बांधून हा दुकानापुढं हजर. "बोअरला सकाळची एवढीच धार येते. घरच्यांना म्हटलं, आज कळ काढा, गाव पार जंगली दिसून राहिलंय. कर दाढ्या!" आन् माझी पाटी काढून खुर्चीखाली टाकली. बघता बघता पाच-सहा माणसं ओळीनं बसली. किराणा दुकानवाला संगप्पा सगळ्यांत पुढं, खुर्चीत बसून डोळे मिटून गाल पुढं करून मोकळा.

फेस लावला. तवर ठीक. वस्तरा उचलला आन् हात सुरू झाला. संगप्पानं एक डोळा उघडला. मी वस्तरा ठेवला, पोट धरलं आन् "आलोच" म्हणून दुकानामागं पळालो.

शेषेराव मागं आला. त्याच्या मनात काही न्हाई, सवयीनं तळहात पुढं केला. "मळून झाली असंल तर दे की चिमूटभर."

माझी बोटं मळून राहिली होती. बोटांत काही नव्हतं. गडबडीत तंबाखू घ्यायची राहिली होती. शेषेरावनं माझ्या बोटांकडं बघितलं, मंग माझ्या तोंडाकडं.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तुलाच कसं सांगू? तुझी दाढी..."

"दाढी गेली खड्ड्यात, गाढवा!" डोळे पुसून तो पुढं गेला आन् मोठ्यानं म्हणाला, "नरसिंगला हगवण लागलीय. जा समदे घरी." संगप्पा गालाला फेस तसाच ठेवून घरी गेला. त्यानंतर तीन दिवस सारं गाव माझ्याकडं ताक आन् डाळिंबाची सालं पाठवून राहिलं होतं.

घरी साखराबाईला सांगावंच लागलं. ती भाकरी थापायची थांबली. "म्हणजे तंबाखू न्हाई?"

"न्हाई."

"कसम?"

"तुझी कसम."

"अवो, तंबाखू परवडली असती की," म्हणाली आन् पदर तोंडाला लावला. मंग रडता रडताच ओरडली, "भाकरी जळून राहिलीय, वास येत न्हाई का तुमाला?" खरंच येत नव्हता. वर्षभर कशाचाच धड वास येत नव्हता. मला वाटायचं, दुकानातल्या पावडरीनं नाक बसलं.

त्याच आठवड्यात उदगीरला हात थरथरणाऱ्यांसाठी शिबिर होतं. साखराबाई आन् शेषेराव मला तिथं घेऊन गेले. नांदेडहून एक डॉक्टर आली होती, डॉक्टर उत्पला, तिशीची, किल्लारीकडची पोरगी. तिनं मला बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं. माझी सही बघून विचारलं, "काका, अक्षर आधीपासून एवढं बारीक आहे का? आणि वास येतो का तुम्हाला?" मी गारच पडलो. ही बाई माझ्या घरात राहून गेली की काय?

"कंपवात असावा," ती म्हणाली. "पण नुसतं बघून शंभर टक्के सांगता येत नाही. हात दुसऱ्या कारणांनीही कापतात. कंपवातात मेंदू कसा बदलत जातो त्याचा आम्ही नांदेडला अभ्यास करतोय, मेंदूचे फोटो काढून. तुम्ही आलात तर तुमचंही नक्की कळेल आणि आमचंही काम होईल. फक्त तुलनेला तुमच्याच वयाचं एक निरोगी डोकं पाहिजे असतं. आहे का कुणी ओळखीचं?"

शेषेरावनं छातीवर हात मारला. "हे काय, उभं हाय की!"

साखराबाई म्हणाली, "भाऊजीचं डोकं निरोगी? मशीन बिघडंल, बाई."

शेषेरावनं दाढीला हात लावून शपथ घेतली की गावात कुणाला सांगणार न्हाई. आम्ही गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला चाललो असं सांगून सकाळच्या एसटीनं नांदेड गाठलं.

पहिलं मशीन म्हणजे एक लांब पांढरं नळकांडं. त्याच्या दाराशी एक पोरगी हातात काठीसारखं यंत्र घेऊन उभी. आत लोहचुंबक हाय, म्हणून अंगावर लोखंड चालत न्हाई. माझ्या अंगावरून काठी फिरवली, गप. शेषेरावच्या अंगावरून फिरवली, आन् हनुवटीजवळ गेली की कोकलायला लागली.

"काका, दात लोखंडाचा आहे का?"

"दात माझे आईनं दिलेले हायत," शेषेराव म्हणाला.

दाढीच्या पिना! मी एकेक करून काढल्या, सात निघाल्या. शेवटची निघाली तशी दाढी सैल होऊन बेंबीपर्यंत आली. ती पोरगी दोन पावलं मागं सरली. मंग त्याला झोपवून डोक्यावर तो प्लॅस्टिकचा पिंजरा बसवायला गेली तर पिंजरा लागंना. इकडून दाबली की दाढी तिकडून बाहेर, तिकडून दाबली की नाकात. शेषेराव शिंकून शिंकून बेजार.

"काका, ही थोडी कापता येईल का?"

शेषेराव ताडकन उठून बसला. "आधी जिल्हा दे, मंग काप!"

"कुठला जिल्हा?" ती बिचारी घाबरून डॉक्टरणीला बोलवायला पळाली.

मला राहवलं न्हाई. एवढे केस आन् एवढा गोंधळ, आन् न्हावी भिंतीला टेकून उभा? लाजच की. मी म्हणालो, "सरका." दाढीचे तीन भाग केले आन् वेणी घालायला घेतली. सरळ, घट्ट, पेडाला पेड. खाली ड्रेसिंगच्या पट्टीची गाठ मारली आन् वेणी शर्टात खुपसली. पिंजरा टप्पकन बसला.

मागं वळलो तर डॉक्टर उत्पला दारात उभी. ती दाढीकडं बघत नव्हती, माझ्या हाताकडं बघून राहिली होती.

"काका, वेणी घालताना तुमचा हात कापला का?"

मी आठवून बघितलं. "न्हाई की."

"आता बघा."

आता हात मोकळा झाला होता, आन् अंगठा पुन्हा मळायला लागला होता. ती हसली. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मंग माझी पाळी. आडवं केलं, पिंजरा बसवला, आन् ती पोरगी म्हणते, "काका, आता अजिबात हलू नका." चाळीस वर्षं मी दुनियेला सांगितलं, हलू नका. तान्ह्या जावळापासून म्हाताऱ्यापर्यंत समद्यांना दटावलं. आज पहिल्यांदा कुणी मला सांगितलं, आन् कळलं की किती अवघड असतं. नाक खाजायला लागलं. मंग पाठ. मंग जिथं कधीच खाजत न्हाई तिथंबी. आन् आवाज काय तो! ठकठक, घर्रर्र, मधूनच कानाशी ट्रिमर धरल्यासारखं. माझा उजवा हात पट्ट्यानं अंगाला बांधला होता. मी मनात म्हणालो, आई रेणुके, आतलं काय बी निघू दे, हात राहू दे. जिल्हा होईपर्यंत तरी राहू दे.

दुसरा फोटो वेगळाच, बिनआवाजाचा. त्यासाठी आधी दंडात सुई देऊन एक औषध सोडतात. ते डोक्यात पोचायला चार तास लागतात म्हणे. तवर बसा. साखराबाईनं दिलेल्या भाकरी सोडल्या. डॉक्टर उत्पलाबी तिचा डबा घेऊन आमच्यात येऊन बसली. किल्लारीच्या भूकंपात ती सात वर्षांची होती, पत्र्याच्या शेडात शिकली. बोलता बोलता म्हणाली, "माझ्या आजोबांचे केस गावातला न्हावी कापत नव्हता. आजीच कापायची, शिवणाच्या कात्रीनं."

मी खाली बघितलं. "माझ्या बापानंबी तुमच्या वस्तीतली डोकी धरली न्हाईत. मी खुर्ची टाकली त्याच आठवड्यात वस्तीतला लिंबाजी येऊन बसला. मी कापले. बापानं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं."

"आणि लिंबाजी?"

"अजून येतो. टक्कल पडलं तरी येतो."

ती मोठ्यानं हसली. आन् माझ्या पानात आंब्याचं लोणचं वाढत म्हणाली, "मग तर या हाताची नीट काळजी घ्यायला पाहिजे."

चार वाजता तो बिनआवाजाचा फोटो झाला. डॉक्टरनं आम्हा दोघांना आत बोलावलं. टीव्हीएवढ्या पडद्यावर दोन फोटो, शेजारी शेजारी. काळं डोकं, आन् मधी उजळलेलं काहीतरी.

"हे शेषेरावकाकांचं," ती म्हणाली.

बघितलं तर काय, झकास मिशी! दोन्हीकडं भरीव, खाली झुकत गेलेल्या दोन शेपट्या, पिळदार. मी म्हणालो, "अरे, तुझ्या डोक्यात मिशी हाय!"

"मर्दाची असणारच," शेषेराव म्हणाला.

"आणि हे तुमचं."

माझ्याबी डोक्यात मिशी होती. पर एका बाजूची शेपटी भादरलेली. मधला गोळा तेवढा राहिला होता. दुसऱ्या बाजूची शेपटी होती, पर पातळ. मला कुणी सांगायची गरज न्हाई, अर्धी मिशी उडाली की कशी दिसते ते मी चांगलं ओळखतो.

डॉक्टरनं हळू समजावलं. डोक्यात एक रस तयार होतो, त्यावर हातापायाची हालचाल चालते. तो रस बनवणाऱ्या पेशी जिथं जिवंत हायत तिथं सुईचं औषध जाऊन चिकटतं आन् उजेड दिसतो. जिथं पेशी गेल्या तिथं अंधार. उजवा हात डाव्या मेंदूचं ऐकतो, आन् माझी डावीकडचीच शेपटी गेलेली. "कंपवातच आहे, काका. आता शंका नाही."

"ही शेपटी परत येती का?"

"नाही. गेलेलं परत येत नाही. पण गोळीनं त्या रसाची कमी बरीचशी भरून निघते. आजार हळूहळू वाढतो. किती हळू, तेच आम्हाला शिकायचंय, म्हणून दोन वर्षांनी पुन्हा फोटो काढू. तुमची बरीच वर्षं चांगली जातील." मंग ती पुढं झुकली. "आणि एक सांगू? कंपवाताचा हात बहुतेकदा रिकामा असताना कापतो. कामाला लागला की शांत होतो. तुम्ही सकाळी वेणी घातलीत, तेव्हा बोट हललं नाही. दाढी करायची का बंद केलीत?"

सहा महिने मी थरथरणारा वस्तरा फक्त हवेत बघितला होता. गालाला टेकवून बघायची हिंमतच केली न्हाई. ज्या कामात हात थांबला असता तेच काम मी पाटी लावून बंद केलं, आन् नाव घातलं दुष्काळावर. एवढा शहाणा न्हावी दुसरा सापडायचा न्हाई.

"आता जमंल?" मी विचारलं.

"आता जमेल. गोळी सुरू करा, तासाभरानं हात आणखी हलका वाटेल. वापरा त्याला. पुढचं पुढं."

शेषेरावला जे विचारायचं होतं ते त्यानं शेवटी विचारलंच. "बाई, माझं डोकं... म्हणजे कागदावर लिहून मिळंल का, निरोगी म्हणून?"

मिळालं. इंग्रजीत, शिक्क्यासकट. परतीच्या एसटीत त्यानं तो कागद अकरा वेळा उघडून बघितला. पर गावात दाखवायचा कसा? दाखवला की लोक विचारणार, नांदेडला डोकं दाखवायला कामून गेला होतास, आन् माझं नाव निघणार. दाढीची शपथ होती. बिचारा उकळून राहिला होता. पारावर कुणी त्याला "शेषेराव, डोकं ठिकाणावर हाय का?" म्हटलं की त्याचा हात खिशाकडं जायचा आन् रिकामा माघारी यायचा.

गोळी सुरू झाली. हाताला बराच आराम पडला, चाल मोकळी झाली. पर पाटी मी पुन्हा दाराला अडकवली होती, ती तशीच. घरी मी भोपळ्यावर फेस लावून वस्तरा चालवायचो. साखराबाई म्हणायची, "भोपळा चिकना झाला की, आता माणूस बघा." मला धीर होईना. भोपळा आरशात बघत न्हाई.

एक मे आला. या वेळी आवई लई जोरात होती. महाराष्ट्र दिनाला उदगीर जिल्हा होणारच, पेपरमधीबी येऊन राहिलं होतं. शाळेतलं झेंडावंदन आटोपून सारं गाव माझ्या शेजारच्या चहाच्या हॉटेलात टीव्हीपुढं. मी फडक्यातला वस्तरा काढून ठेवला होता, सवयीनं. दहा वाजले, साडेदहा वाजले. मुख्यमंत्र्यांचं भाषण झालं, संचलन झालं, मंग जाहिरात लागली. जिल्हा न्हाई. लोक उठायला लागले.

शेषेराव उठला, मोटारसायकलीवरची घागर काढली, माझ्या दुकानात येऊन ठेवली आन् खुर्चीत बसला.

"जिल्हा झाला न्हाई," मी म्हणालो.

"टीव्ही मीबी बघितला."

"मंग?"

"कर."

दारात गर्दी झाली. संगप्पा म्हणाला, "शेषेराव, दाढीचा पण मोडता?"

"पण मी केला, मोडणारबी मीच," शेषेराव गरजला. "माझ्या दाढीनं जिल्हा होणार असता तर सहा वर्षांत सहा झाले असते. सरकारला घाई न्हाई. मला हाय." मंग माझ्याकडं वळून एकदम हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "गोळी कधी घेतलीस?"

"साडेनऊला."

"मंग आताच वेळ हाय. जिल्हा आज ना उद्या कवाबी होऊ दे, नरसिंगा. मला तुझाच हात पायजे."

माझे डोळे भरून आले. त्यात लपवण्यासारखं काही न्हाई. मी आधी कात्रीनं दाढी उतरवली, मांडीवर ढीग झाला. मंग ओंजळभर पाणी त्याच्या गालाला लावलं. त्या दिवसांत ते पाणी म्हणजे काय होतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला म्हाईत होतं. फेस लावला. वस्तरा उचलला. हात थरथरला. दारातली कुजबुज थांबली, समदे बघून राहिले. शेषेरावनं मान मागं टाकली, गळा पुढं केला आन् डोळे मिटले.

मी वस्तरा टेकवला. हात थांबला.

कानशिलापासून हनुवटीपर्यंत एक सरळ ओढ, मंग दुसरी. केस पडून राहिले होते आन् वस्तरा तसा आवाज करून राहिला होता, जसा सहा महिने माझ्या कानाला ऐकायला मिळाला नव्हता. गळ्यावरून उलटी ओढ घेतली, ओठाखालचा खळगा घेतला. एकबी काप न्हाई. तुरटी फिरवली ती नुसती रिवाज म्हणून. शेषेरावनं आरशात बघितलं आन् ओरडला, "अरे, हा तर माझा बाप!" समदे खदाखदा हसले.

मी वस्तरा पुसून ठेवला, हात मोकळा झाला, आन् अंगठा मळायला लागला. हसणं हळूहळू थांबलं. संगप्पाची नजर माझ्या बोटांवर. लिंबाजीचीबी. बोटांत काही न्हाई, हे समद्यांना दिसून राहिलं होतं.

शेषेराव खुर्चीतून उठला. तळहात माझ्या बोटांखाली धरला. "मळून झाली असंल तर दे की चिमूटभर." त्यानं माझ्या बोटांतून ती नसलेली तंबाखू उचलली, ओठात ठेवली आन् चेहरा हलू दिला न्हाई.

असा दोस्त समोर असताना मी कशाला भिऊन राहिलो होतो? मी मोठ्यानं म्हणालो, "तंबाखू न्हाई रे बाबांनो. मी कधीच खाल्ली न्हाई. मला कंपवात हाय. नांदेडला डोक्याचा फोटो काढलाय. हात रिकामा असला की कापतो, कामाला लागला की थांबतो. आता तुमी बघितलंच. ज्याला बसायचं त्यानं बसावं, ज्याला न्हाई त्याच्यावर माझा राग न्हाई."

मंग शेषेरावनं खिशात हात घातला. "म्हणजे आता सांगितलं तर चालतंय ना? दाढी बी गेली, शपथ बी गेली!" आन् तो शिक्क्याचा कागद डोक्यावर धरून नाचायलाच लागला. "वाचा! माझं डोकं निरोगी हाय! हाय का गावात दुसऱ्या कुणाकडं असा कागद?"

त्या गोंधळात संगप्पा पुढं आला. दाराची पाटी काढून बाजूला ठेवली आन् खुर्चीत बसला. "त्या दिवशी नुसता फेस लावून घरी पाठवलंस," म्हणाला, आन् गळा पुढं करून डोळे मिटले. त्याच्यामागं लिंबाजीनं नंबर लावला. मी घागरीत वाकून बघितलं. पाणी अजून सहा-सात दाढ्यांना पुरंल एवढं होतं.